नौपाड्यातली जुनी बिल्डिंग नक्की कधीची, आणि पाडण्याआधी तिचं काय काय नोंदवून ठेवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घंटाळीजवळ तळमजला अधिक तीन मजल्यांची बिल्डिंग, पुढचा भाग कॉलम-बीमचा, मागचा भाग जाड भिंतींचा आणि लाकडी जिन्याचा. दारावर संगमरवरी पाटी, तिच्यावर शके 1886. आजी मात्र सांगतात की आम्ही पाटीच्या आधीपासून इथे राहतोय. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये सी-1 (म्हणजे अतिधोकादायक) आलंय, रिडेव्हलपमेंट ठरलंय, आणि पाडायच्या आधी बिल्डिंगचं वय, बांधकाम, इतिहास सगळं नीट लिहून ठेवायचंय, तर सुरुवात कुठून करायची.

ठाण्यात स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणून माझी बरीच वर्षं जुन्या बिल्डिंगींमध्येच गेली, नौपाडा, चरई, उथळसर, खारकर आळी हा सगळा पट्टा पायाखालचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे सांगतो की आजी आणि पाटी दोघंही बरोबर असणार. शके 1886 मध्ये 78 मिळवा, 1964 येतं (पौषानंतरची तिथी असेल तर 1965). ही पाटी बहुतेक पुढच्या भागाच्या वास्तुशांतीची आहे. मागचा जाड भिंतींचा भाग त्याच्या आधीचा, आणि आजी त्या भागात राहायला आल्या असणार. नौपाड्यात हे इतक्या वेळा दिसतं की मी आता कुठल्याही जुन्या बिल्डिंगला एकच वर्ष लावतच नाही. मालकाने आधी मागे एक दुमजली चाळवजा घर बांधलं, भाडेकरू ठेवले, मग पुढे रस्त्याला मोकळी जागा होती तिथे पैसे जमल्यावर सिमेंटचं बांधकाम केलं, दोन्हीला एकच जिना किंवा एकच पॅसेज दिला, आणि घरपट्टीवर, लोकांच्या तोंडी ती एकच बिल्डिंग झाली. तेव्हा तुमच्या वहीत पहिल्या पानावर 'बांधकाम वर्ष' असा एक रकाना करू नका. मागचा भाग, पुढचा भाग, वरचा वाढवलेला मजला, संडास-बाथरूमचा पट्टा, गच्ची, प्रत्येकाचं वय वेगळं काढा. पुढचं सगळं काम ह्यावर उभं आहे.

थोडा परिसराचा इतिहास, कारण तो नसेल तर भिंतींचा अर्थ लागत नाही. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी आली, 34 किलोमीटर, हे सगळ्यांना पाठ आहे. ठाण्याची नगरपालिका 1863 ची. पण जुनं गाव म्हणजे मासुंदा तलाव, कौपिनेश्वर, जांभळी नाका, टेंभी नाका, महागिरी, चेंदणी. नौपाडा त्या गावाच्या बाहेरचा भाग, वाड्या आणि मोकळे प्लॉट. इथे दाट वस्ती झाली ती मुख्यतः स्वातंत्र्याच्या आसपास आणि नंतर. लोकल विजेवर धावायला लागलेल्या होत्या, गिरगाव-दादरच्या खोल्या पुरेनाशा झालेल्या होत्या, आणि 1962 ला एमआयडीसी (राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ) आल्यावर वागळे इस्टेटमध्ये कारखाने उभे राहिले, तिथल्या नोकरदारांना घरं हवी होती. तुमच्या पाटीचं 1964 बरोब्बर ह्या लाटेत बसतं. मागचा भाग मात्र त्या आधीच्या, सावकाश वाढणाऱ्या नौपाड्यातला आहे.

आता प्रत्यक्ष बिल्डिंगमध्ये काय बघायचं.

मागच्या भागात टेप घेऊन खिडकीपाशी भिंतीची जाडी मोजा, प्रत्येक मजल्यावर. जुन्या लोडबेअरिंग कामात, म्हणजे सगळा भार भिंतींवरच असतो अशा कामात, तळमजल्याला दीड फुटाची भिंत, वर साडेतेरा इंची, सगळ्यात वर नऊ इंची अशी कमी होत जाते, आणि जिथे कमी होते तिथे आतून जी कड सुटते तिच्यावर लाकडी तुळया टेकवलेल्या असतात. जर खालच्या दोन मजल्यांवर असा क्रम असेल आणि त्याच्या वरचा मजला एकदम वेगळ्या जाडीचा, वर सिमेंटचा स्लॅब, तर तो मजला नंतर चढवलाय. हे फार वेळा झालेलं आहे आणि खालच्या भिंतींनी तो बोजा गुपचूप इतकी वर्षं घेतलेला असतो.

चुना की सिमेंट हे ओळखायला लोक व्हिनेगर टाकून फेस येतो का बघतात, त्याच्यावर जाऊ नका, जुन्या सिमेंटलाही फेस येतो. त्यापेक्षा प्लॅस्टर निघालेल्या जागी विटांच्या मधला सांधा किल्लीने खरवडा. चुन्याचा सांधा मऊ भुकटी होऊन सुटतो, रंग पांढरट, आणि सुरखी (भाजलेल्या विटेची पूड) घातलेली असेल तर गुलाबी झाक आणि विटेचे बारीक कण दिसतात. सिमेंटचा राखाडी असतो आणि किल्लीला दाद देत नाही. एकाच भिंतीत खाली चुना आणि वर सिमेंट सापडलं तर ती रेघ कुठे येते ते मोजून लिहा, तुमच्या बिल्डिंगच्या इतिहासातली एक पक्की तारीख तिथे आहे.

लाकडाबद्दल एक सावधगिरी. मागच्या भागातल्या तुळया, कडीपाट (लाकडी तुळया-फळ्यांचं छत), जिना बघून सगळे म्हणतील बर्मा टीक आहे म्हणजे युद्धाच्या आधीचं. 1942 मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर तिकडचं सागवान यायचं थांबलं हे खरं, पण सागवान कधी वाया जात नाही, पाडलेल्या घराचं लाकूड पुढच्या घराला लागायचं. म्हणून तुळईच्या तिन्ही बाजू बॅटरी मारून बघा. जिथे काहीच जोडलेलं नाही अशा ठिकाणी रिकामी खाच, खुंटीचं भोक किंवा जुन्या खिळ्यांची रांग दिसली तर ते लाकूड दुसऱ्या घरातून आलेलं आहे. मग लाकडाचं वय घराला लावता येत नाही.

तुळयांच्या खाली किंवा गॅलरीखाली लोखंडी गर्डर असेल तर तुमचं नशीब चांगलं. गर्डरच्या उभ्या पट्टीवर कारखान्याचा उठावाचा शिक्का असतो. रंगाचे थर वायर ब्रशने हलक्या हाताने काढा, खडूची कांडी आडवी धरून फिरवा, अक्षरं वर येतात. 'डॉर्मन लाँग, मिडल्सबरो, इंग्लंड' हा शिक्का जुन्या मुंबई-ठाण्यात बऱ्याच ठिकाणी मिळतो, सिडनीचा हार्बर ब्रिज बांधणारी तीच कंपनी. टाटांचा शिक्का असेल तर 1912 च्या नंतरचा नक्की, कारण जमशेदपूरला पोलाद तेव्हा निघायला लागलं. इथेही तोच नियम, गर्डरसुद्धा सेकंडहँड लागायचे, म्हणून शिक्क्यावरून एवढंच कळतं की हे काम त्या तारखेच्या आधीचं नाही.

मागचं छप्पर कौलारू शिल्लक असेल तर एक कौल काढून पालथं करा. मंगलोरी कौलांच्या पोटावर कारखान्याचं नाव असतं, बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला पहिला कारखाना काढला आणि मग तिकडे कितीतरी कारखाने झाले. पण कौलं फुटतात, बदलतात, एकाच छपरावर चार कारखान्यांची सापडतील. सगळ्यात जास्त संख्येने असलेलं आणि वळचणीपासून लांबचं कौल धरा.

आता पुढचा 1964 चा भाग, ह्याबद्दल लोकांना फार कुतूहल नसतं पण माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे. हे ठाण्यातल्या मध्यमवर्गाचं पहिलं सिमेंटचं घर. त्या काळी नकाशे फूट-इंचाचे, सळया सुतात मोजायच्या, आठ सूत म्हणजे एक इंच, तीन सुती सळई म्हणजे आजची साधारण 10 मिलिमीटर. स्लॅबचं प्लॅस्टर जिथे पडलंय तिथे सळई बघा: गुळगुळीत गोल असेल आणि टोकाला हुकासारखी वळवलेली असेल तर ते साधं माइल्ड स्टील, 1964 ला शोभेल असं. पिळाची सळई, जिला साइटवर टॉर म्हणायचे, ती इथे नंतर रुळली. तेव्हा पुढच्या भागात एखाद्या कोपऱ्यात पिळाची सळई दिसली तर तो स्लॅब नंतर पुन्हा टाकलाय किंवा ती गॅलरी नंतर काढलीय असं समजा.

काँक्रीट एकास दोनास चार, म्हणजे एक भाग सिमेंट, दोन रेती, चार खडी, घमेल्याने मोजून, हाताने कालवून, डोक्यावरून वर चढवून. त्यात पाणी किती घातलं हे मुकादमाच्या मनावर. सिमेंट त्या काळी नियंत्रणात होतं, दर आणि वाटप दोन्ही सरकारच्या हातात, 1982 मध्ये अर्धवट आणि 1989 मध्ये पूर्ण मोकळं झालं. मालकाच्या घरी जुन्या फायली असतील तर त्यात सिमेंटचं परमिट शोधा, किती पोती कधी मिळाली हे त्यावर असतं आणि बांधकामाची गती त्यावरून कळते. पोती हप्त्याहप्त्याने मिळायची म्हणून काम थांबून थांबून व्हायचं, आणि एका मजल्याच्या काँक्रीटचा रंग-पोत दुसऱ्यापेक्षा वेगळा दिसतो त्याचं कारण बरेचदा हे असतं. आणि रेती खाडीची. ठाण्याला खाडी लागून, मुंब्र्याकडे रेतीबंदर, नीट न धुतलेली खारी रेती काँक्रीटमध्ये गेली की मीठ सळईला आतून खातं.

ह्या भागाचं डिझाइन काय म्हणायचं असंही तुम्ही विचारलंय. मुंबईत 1930 च्या दशकात मरीन ड्राइव्ह, ओव्हलच्या बाजूला जी आर्ट डेको शैली आली, जिला 2018 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तिचं हे खूप नंतरचं, साधं झालेलं रूप. गॅलरीचा कोपरा गोल वळवलेला, खिडक्यांवर सलग छज्जा आणि त्याची कड जाड, जिन्याला उभी जाळीची पट्टी म्हणजे हवा आणि उजेड, ग्रिलमध्ये उगवत्या सूर्याचे किंवा लाटांचे आकार, आणि दर्शनी भिंतीवर प्लॅस्टरमध्ये उठावात बिल्डिंगचं नाव, अमुक निवास, तमुक सदन. मोठा आर्किटेक्ट असायची गरज नव्हती, गवंडी आणि लोहार हे आकार हाताने शिकलेले होते, दादर-माटुंग्याला काम केलेली माणसं इकडे आली. तुमच्या गल्लीत तोच ग्रिलचा नमुना अजून कुठल्या बिल्डिंगला आहे का बघा, बहुतेक एकाच लोहाराचं काम निघेल. ही घरं पाहायला कुणी गाइड घेऊन येत नाही, पण उन्हाळ्यात पश्चिमेच्या खोलीत छज्जामुळे किती फरक पडतो हे त्यात राहिलेल्यालाच माहीत. त्या माणसांना इथल्या पावसाची, उन्हाची पक्की समज होती. ठाण्याला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि छज्जा दोन फुटांचा. आजच्या टॉवरांना छज्जाच नसतो.

फरशी. मागच्या भागात शहाबादी किंवा कोबा (ठोकून घट्ट केलेला गिलाव्याचा थर), पुढच्या भागात मोझॅक टाइल असणार. नक्षीच्या रंगीत सिमेंट टाइल्स एखाद्या खोलीत असतील तर एक सैल झालेली उलटून बघा, मागे बनवणाऱ्याचा छाप असतो. मुंबईत भारत टाइल्स 1922 पासून ह्या बनवतात, पण छोटे कारखानेही होते.

दोन्ही भाग जिथे जुळतात ती जागा सगळ्यात महत्त्वाची. मधल्या पॅसेजमधून मागे जाताना दोन-तीन पायऱ्या चढाव्या किंवा उतराव्या लागतात का? जुन्या भागात मजल्याची उंची 11-12 फूट, नवीन भागात 10, त्यामुळे पातळ्या जुळत नाहीत आणि त्या पायऱ्या तिथे घालाव्या लागतात. लोक त्याला 'विचित्र पायरी' म्हणून आयुष्यभर ठेचकाळतात, पण ती दोन बांधकामांची सरळ साक्ष आहे. आणि तिथेच तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एक उभी चीर असेल, कितीही वेळा भरली तरी पावसाळ्यानंतर परत दिसणारी. ही चीर पुढच्या भागाच्या दुबळेपणाची नाही, दोन वेगळे पाये वेगळे बसतात आणि मध्ये मोकळा सांधा सोडलेला नाही म्हणून ती येते. तिचे फोटो प्रत्येक मजल्यावर, शेजारी टेप धरून काढा.

मागच्या बाजूचे संडास नीट नोंदवा, हे लोक टाळतात. जुन्या इमारतींना मागे टोपलीचे संडास असायचे, त्यांना वेगळी मागची वाट आणि कधी लोखंडी गोल जिना, म्हणजे सफाई करणारी माणसं समोरच्या जिन्याने येऊ नयेत म्हणून केलेली सोय. ही प्रथा कायद्याने बंद झाली ती 1993 मध्ये, इतक्या उशिरा. तुमच्याकडे ती वाट, ती खालची लहान दारं अजून दिसत असतील तर त्यांचं मोजमाप घ्या आणि ती कशासाठी होती हे स्पष्ट लिहा. बिल्डिंगचा इतिहास म्हणजे फक्त ग्रिल आणि टाइल्स नव्हेत, त्या जिन्याने कोण चढत होतं तेही त्यात आलं पाहिजे.

कागदांकडे येतो. सिटी सर्व्हे ऑफिसमधून मालमत्ता पत्रक काढा, ठाण्यात जुन्या भागाला टिका नंबर (सर्व्हेच्या नकाशातल्या भागाचा क्रमांक) आणि सिटी सर्व्हे नंबर दोन्ही असतात, दोन्ही द्यावे लागतात. त्यावर मालकांच्या नोंदी क्रमाने मिळतील, पण ते जमिनीचं वय सांगतं, बिल्डिंगचं नाही. घरपट्टीच्या जुन्या असेसमेंटमध्ये खोल्या किती, भाडं किती ह्याच्या नोंदी असतात, खोल्यांची संख्या अचानक वाढली ते वर्ष धरा. मंजूर नकाशा मिळाला तर सोन्याहून पिवळं. 1 ऑक्टोबर 1982 ला महानगरपालिका झाली, त्याआधीच्या नकाशावर नगरपालिकेचा शिक्का असणार. नकाशावरचे रंग बघा: नवीन प्रस्तावित काम लाल भरलेलं असतं, पाडायचं काम पिवळं. म्हणजे 1964 च्या नकाशात पुढचा भाग लाल आणि मागचा भाग नुसत्या काळ्या रेघेत असेल तर मागचा भाग तेव्हा उभा होता ह्याचा तो सरकारी पुरावा. आणि लाल भागाची आजच्या बिल्डिंगशी तुलना करा, मंजुरीत तळमजला धरून तीनच मजले असतील आणि चौथा नंतरचा, असंही निघतं.

आजींकडे भाडेपावत्या विचारा. जुन्या बायका पत्र्याच्या डब्यात सगळं ठेवतात. सगळ्यात जुनी पावती कुठली ते बघा, तारीख पुसली असली तरी रक्कम आण्यात आहे की नये पैशांत ते दिसतं. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, आणि 'नये' हा शब्द 1964 च्या जूनमध्ये गेला. आजींची पावती आण्यातली निघाली तर मागचा भाग 1957 च्या आधी किंवा फार तर त्याच्या आसपास, म्हणजे पाटीच्या आधीच, राहता होता हे तिथल्या तिथे सिद्ध. ह्या पावत्यांना भाडेकरूंच्या हक्काच्या दृष्टीनेही फार किंमत आहे, मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नका, बिल्डरच्या माणसाच्या तर नाहीच, स्कॅन द्या.

आजींना अजून एक विचारा: नळ वर कधी आला? इतिहास विचारला की लोक गणपती आणि लग्नं सांगतात, ते ऐकावंच, पण पाण्याचं विचारलं की बांधकामाच्या तारखा मिळतात. खालच्या एकाच नळावरून पाणी भरायचो ते अमक्याच्या लग्नापर्यंत, मग गच्चीवर टाकी आली, मग मोरीचं बाथरूम केलं, मग घरात संडास घेतला. हा क्रम प्रत्येक घराचा लिहून घ्या. कारण बिल्डिंग खराब का झाली ह्याचं उत्तर ह्या क्रमात आहे.

हे जरा नीट सांगतो कारण सी-1 आल्यावर लोक एकमेकांना किंवा मूळ कॉन्ट्रॅक्टरला दोष देतात. कारणं साठत गेलेली असतात. 1947 च्या भाडे कायद्याने भाडं 1940 च्या पातळीशी बांधलं गेलं, नंतरच्या घरांनाही प्रमाण भाड्याची मर्यादा आली, दहा-वीस रुपयांच्या भाड्यात मालक दुरुस्ती करेना आणि जागा मालकीची नाही म्हणून भाडेकरू खर्च करेना. मुंबई शहरात उपकर भरणाऱ्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ तरी होतं, ते ठाण्याला लागू नाही, त्यामुळे इथल्या पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यात कायम राहायच्या) घरांना वाली कोणीच नव्हता. 1963 च्या ओनरशिप फ्लॅट कायद्यानंतर पुढे फ्लॅटची पद्धत रुळली, पण तुमच्यासारख्या बिल्डिंगी मध्येच अडकल्या.

त्यात मग पाणी. जुन्या लाकडी मजल्यावर, जिथे फक्त मोरीची जागा दगडी होती, तिथे घरोघरी संडास-बाथरूम आले. तुळईचं जे टोक भिंतीत असतं ते ओल धरतं आणि आतून कुजतं, बाहेरून रंग छान असतो. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, आत लोण्यासारखा गेला तर ते टोक गेलेलं आहे. चुन्याच्या भिंतींवर नंतर सिमेंटचं प्लॅस्टर केलं असेल तर ओल बाहेर पडायला जागाच राहिली नाही.

गच्चीचं तर साधं गणित आहे. चार इंची स्लॅबचं स्वतःचं वजन चौरस मीटरला 250 किलो. गळती थांबवायला विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा टाकला की साधारण 200 किलो वाढले. दहा-पंधरा वर्षांनी तो गळायला लागला की जुना न काढता वर दुसरा टाकतात, अजून 200. गच्चीवर माणसं-सामानाचा म्हणून जो भार डिझाइनमध्ये धरतात तो 150 किलो असतो. म्हणजे नुसत्या दुसऱ्या कोब्याने ती सगळी सोय खाऊन टाकली, आणि वर पाच हजार लिटरची टाकी म्हणजे पाच टन. गच्चीत कडेला जिथे पाइप जातो तिथे थर मोजा, किती कोबे आहेत ते कळेल.

पुढच्या भागाच्या सळया का गंजल्या हे डोळ्याने बघायचं असेल तर ऑडिट करणाऱ्यांना फिनॉल्फ्थॅलिनची टेस्ट तुमच्यासमोर करायला सांगा. बीमचा एक ताजा तुकडा फोडतात, त्यावर हे पाण्यासारखं औषध फवारतात, निरोगी काँक्रीट क्षणात गडद गुलाबी होतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने मारलेलं काँक्रीट रंगच घेत नाही. जुन्या बीमवर बाहेरून आत तसाच कोरडा राखाडी पट्टा दिसतो आणि मग कुठेतरी आत गुलाबी रेघ सुरू होते. सळई त्या रेघेच्या बाहेर, राखाडी भागात असेल तर तिचं संरक्षण संपलेलं आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो, तो फुगतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. हा एक फोटो तुमच्या संग्रहात असायलाच हवा, त्यात बिल्डिंगचं साठ वर्षांचं आयुष्य एका तुकड्यावर दिसतं.

सी-1 चा अर्थही स्पष्ट असू द्या: अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करायची. सी-2 ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-2 बी म्हणजे राहतं ठेवून दुरुस्ती, सी-3 किरकोळ. 2015 च्या ऑगस्टमध्ये नौपाड्यातच बी केबिन भागात जुनी इमारत पडली आणि 12 माणसं गेली, रात्री झोपेत. त्यामुळे कितीही जीव अडकला असला तरी मोजमापं घ्यायला एकट्याने जाऊ नका, पावसात जाऊ नका, मागच्या भागात वरच्या मजल्यावर चारजण एका खोलीत उभे राहू नका, गॅलरीत तर पाऊलच टाकू नका, गॅलरी एका बाजूनेच धरलेली असते आणि ती आधी जाते. इंजिनियरला आधी विचारून कुठल्या खोल्यांत जाता येईल ते नकाशावर खूण करून घ्या. उरलेलं बाहेरून, समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून फोटो काढा.

नोंद कशी करायची: प्रत्येक मजल्याचा प्लॅन, आणि काहीही झालं तरी एक उभा छेद, म्हणजे बिल्डिंग वरून खाली कापली तर आत जसं दिसेल तसं चित्र, जिन्यातून आणि दोन्ही भागांच्या जोडातून जाणारा. सगळे प्लॅन काढतात, छेद कोणी काढत नाही, आणि तुमच्या बिल्डिंगची सगळी गोष्ट छेदातच आहे, मजल्यांच्या पातळ्या, भिंतींची कमी होत जाणारी जाडी, ती विचित्र पायरी. खोल्या काटकोनात नसतात म्हणून प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. खिडकी, ग्रिल, जिन्याचा कठडा, कडीपाट ह्यांचे मोठ्या मापाचे वेगळे तपशील. ठाण्यातलं एखादं आर्किटेक्चर कॉलेज विचारा, विद्यार्थ्यांना मोजणीच्या अभ्यासाला खरी इमारत हवीच असते, पण सही करून जबाबदारी घेणारे शिक्षक सोबत हवेत. एक छापील प्रत आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला देता येते का बघा, 1893 पासून चालू आहे, ठाण्याचं साहित्य तिथे शोधत लोक येतात. पेन ड्राइव्ह कपाटात हरवतो, छापील बांधलेली प्रत टिकते.

शेवटचं आणि घाईचं. रिडेव्हलपमेंटच्या करारात पाडकामाचं सगळं सामान बिल्डरचं असं एक वाक्य बहुतेक असतं, कोणी वाचत नाही, आणि पाडकामवाला सागवान, गर्डर, ग्रिल, टाइल्स दोन दिवसांत ट्रकमध्ये भरून नेतो. सही व्हायच्या आधी तिथे एक यादी जोडा: संगमरवरी पाटी, प्लॅस्टरमधलं नाव, जिन्याचा लाकडी कठडा, दोन ग्रिल, एका खोलीच्या नक्षीच्या टाइल्स, शिक्क्याच्या गर्डरचा एक फूट तुकडा, हे सोसायटीचं आणि नवीन बिल्डिंगच्या प्रवेशात लावायचं. टाइल्स चुन्यावर बसवलेल्या असतील तर पातळ छिनीने अख्ख्या निघतात, सिमेंटवर असतील तर निम्म्या फुटतात, त्याप्रमाणे जास्त मोठी खोली निवडा. आणि हे काढायचं काम पाडकामाच्या आधी, वेगळ्या सुताराकडून, बिल्डिंग रिकामी झाल्यावर पण वीज-पाणी तोडायच्या आधी करून घ्या.

गर्डरचा शिक्का आणि पॅसेजमधल्या त्या जोडाचा फोटो मिळाला तर पाठवा, मागच्या भागाचं दशक त्यावरून बरंच जवळ आणता येईल.